गोडव्याचा नव्हे, भीतीचा प्रश्न

मराठीच्या वर्गात एक शिस्त न शिकवताच शिकवली जाते : प्रेमकादंबरीचे नाव निघाले की नाक मुरडायचे. फडके म्हटले की ‘रंजन’, आणि ‘रंजन’ म्हटले की विषय संपला. नायिकेच्या मनात प्रेमाची भीती आहे, नायकाच्या समंजस सहवासात ती विरघळते आणि शेवटी दोघे सुखी होतात, अशी कादंबरी तर चर्चेलाही अपात्र ठरते. हा निकाल बऱ्याच कादंबऱ्यांपुरता बरोबर असेल. त्यासाठी दिले जाणारे कारण मात्र साफ चुकीचे आहे.

आक्षेप घेतला जातो तो गोडव्यावर. शोकान्त ते गंभीर आणि सुखान्त ते बाळबोध, हे समीकरण केवळ समीक्षेच्या आळसातून आलेले आहे. गोड कादंबरीला विचारायचा खरा प्रश्न वेगळा : तिच्यातली भीती खरी आहे काय?

‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून ना. सी. फडके यांनी कथा-कादंबरीच्या तंत्राची मांडणी केली. त्या तंत्राच्या वळणाने लिहिलेल्या असंख्य प्रेमकथांत प्रेमाआडचा अडथळा ही कथानकाची सोय झाली. एखादा गैरसमज, एखादे न पोचलेले पत्र, नायिकेचा भिडस्तपणा. लेखकाला हवा तेव्हा तो उगवतो, हवा तेव्हा सरतो. अशी भीती जिंकणाऱ्या प्रेमाने नेमके काय जिंकले? याच्या उलट त्याच काळात विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) आली. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या अचलेचे दुसऱ्या पुरुषावरचे प्रेम हा तिचा विषय. तिथली भीती मनाचा नाजूकपणा नव्हे, तिला पत्ता आहे : घर, शेजार, समाज. मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड राहून लिहावे लागले, यातच त्या भीतीचा पुरावा आहे.

‘वैयक्तिक भीती’ हा शब्दप्रयोगच म्हणून तपासून घ्यावा लागतो. परभणी जिल्ह्यातल्या पालमसारख्या तालुक्याच्या गावी जातीबाहेरच्या मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीची भीती तिच्या एकटीची असते काय? पालमच्या शेजारचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्या नावावरच्या अभंगांत पदराची लाज सोडून चारचौघांत निघणारी स्त्री भेटते. लोकलाज ही बाहेरून आत रुजवलेली भीती असते, हे त्या परंपरेला केव्हाच कळले होते. आणि तिथे प्रेमच त्या भीतीवर मात करते.

‘सैराट’चा (२०१६) पूर्वार्ध निखळ गोड प्रेमकथा आहे. समीक्षेने तो गंभीरपणे घेतला तो बहुधा शेवटच्या रक्तामुळे. भीती खरी ठरायला मुडदेच पडावे लागतात काय? विशेष विवाह कायदा, १९५४ पाहा. लग्नाची इच्छा असलेल्या जोडप्याला विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि आक्षेपांसाठी तीस दिवस मोकळे असतात. दोघांपैकी एकाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते. म्हणजे ज्यांच्यापासून लपायचे त्यांच्याच दारात कागद पोचू शकतो. या तीस दिवसांत एक संपूर्ण कादंबरी मावेल. रोज कोणी ती नोटीस वाचली असेल, कोण गावी कळवील, आणि तरीही दोघांनी एकमेकांचा हात न सोडणे. एकतिसाव्या दिवशी सही झाली, तर तो शेवट गोडच असेल. पण स्वस्त नसेल.

प्रेमाने भीतीवर मात करणे हा हलका विषय नाही. हलकी असते ती फुकट मिळालेली मात. तेव्हा अध्यापकांनी प्रेमकादंबरी वर्गाबाहेर ठेवू नये. वर्गात आणावी आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : यातली माणसे कोणाला भितात, आणि न भिण्याची किंमत कोण मोजते? ज्या कादंबरीपाशी याचे उत्तर नाही, ती खुशाल नापास करावी. शेवट गोड आहे म्हणून मात्र नव्हे.