लसीने रिकामी केलेली जागा

बालकांना न्यूमोनिया व मेंदुज्वर यांसारखे जीवघेणे आजार जडवणारा न्यूमोकोकस हा जिवाणू एरवी निरोगी मुलांच्या नाकामागील घशात कोणताही त्रास न देता वस्ती करून असतो. बाह्य कवचातील शर्करेच्या भेदानुसार त्याचे सुमारे १०० उपप्रकार मानले जातात. न्यूमोकोकल लस मात्र त्यांतील निवडक उपप्रकारांनाच रोखते. साहजिकच लसीकरणानंतर घशातील जागा ओस पडत नाही. तेथे दुसरे उपप्रकार बस्तान बसवतात.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे २००० मध्ये सात उपप्रकारांवरील लस आली. बालकांमधील गंभीर आजार झपाट्याने घटले. मुलांकडून होणारा प्रसार मंदावल्याने लस न घेतलेल्या वृद्धांनाही लाभ झाला. परंतु जिवाणू बाळगणाऱ्या मुलांचे एकूण प्रमाण फारसे बदलले नाही. लसीत नसलेला ‘१९ए’ हा उपप्रकार फोफावला आणि त्याचे अनेक वाण प्रतिजैविकांना दाद देईनात. अखेर २०१० मध्ये ‘१९ए’चा समावेश असलेली तेरा उपप्रकारांची लस आणावी लागली.

याचा अर्थ लस निष्फळ ठरली, असा मुळीच नाही. जागा घेणारे बहुतेक उपप्रकार रक्तात शिरून गंभीर आजार घडवण्यात तुलनेने दुबळे असतात. म्हणूनच बालकांच्या बाबतीत एकूण हिशेब लाभाचाच राहिला. धोका असतो तो मोजक्या अपवादांचा. आणि प्रतिजैविकांचा अनाठायी वापर नेमक्या अशा चिवट वाणांना बळ देतो.

भारतात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०२१ मध्ये तिचा देशभर विस्तार सुरू झाला. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात तिच्या मात्रा दिल्या जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या दहा उपप्रकारांच्या लसीत ‘१९ए’ आहे. उपप्रकार ‘३’ मात्र नाही.

तेव्हा किती मात्रा टोचल्या, एवढ्यावर यश मोजून भागणार नाही. रुग्णालयातील नोंदी बदलाची चाहूल उशिरा देतात. निरोगी मुलांच्या घशातील नमुने ती आधी देऊ शकतात. असे नमुने नियमितपणे तपासले, तरच पुढच्या लसीत कोणते उपप्रकार असावेत, याचा निर्णय वेळेवर घेता येईल.