पोरं फक्त पळायचीच का?

मित्रांनो, स्पष्टच बोलतो. काहींना झोंबेल.

पहाटे साडेचारला खानापूर रस्त्याने या, आपली पोरं पळताना दिसतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या बेळगावात, घराघरात कोणीतरी जवान, त्यामुळे ओढ असणारच. माझे आजोबा आणि चुलते दोघंही शिपाई म्हणून निवृत्त झाले, त्याचा मला अभिमान आहे. पण आपल्यातला कोणी साहेब का नाही झाला, हे आमच्या घरात कुणी विचारलंच नाही.

गेल्या वर्षी शेजारचा दहावीतला पोरगा अग्निवीरसाठी पळायला लागला. गणितात वर्गात पहिला. म्हटलं, एनडीए का देत नाहीस? त्याचे वडीलच मध्ये पडले, "कशाला पोराला भलतं सांगायलैस? साहेब व्हायला साहेबाच्या पोटी जन्मावं लागतंय."

खोटं आहे हे. आणि आपणच ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६००, पुढे एसएसबीला ९०० गुण. निवड झाली की खडकवासल्यात तीन वर्षं राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सरकारी खर्चाने. इंजिनिअरिंगच्या डोनेशनसाठी शेत गहाण टाकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. तिकडे अग्निवीर चार वर्षांचा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे राहणार.

आता खरी चीड. संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, महाराष्ट्र सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे. अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी. तिच्या पात्रतेच्या अटीत महाराष्ट्रासोबत बेळगाव, कारवार आणि बिदर ही नावं लिहिलेली आहेत. आपली नावं! महाराष्ट्र आम्हाला विचारत नाही म्हणून आपण गळा काढतो, आणि जिथं विचारलंय तो अर्ज गावात कुणाला माहीत नाही. फेरीचे बॅनर मात्र वेळेत छापून येतात. मी स्वतः दहा वर्षं कार्यकर्ता म्हणून फिरतोय, मलाही हे दोन वर्षांपूर्वीच कळलं. लाज वाटली.

वडील शेवटी तयार झाले. पण शाळेच्या दाखल्यावर पोराचं नाव एक, आधारवर दुसरं. रहिवासी दाखल्यासाठी कचेरीत चार खेपा. दाखला हातात आला तेव्हा अर्जाची तारीख उलटून आठ दिवस झाले होते.

आता तो अकरावीत आहे, घरीच तयारी करतोय. पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, मराठीत नाही, आणि ६०० पैकी २०० गुण नुसत्या इंग्रजीचे. यावर भांडायचं तर जरूर भांडू, पण पोराचं वय थांबत नाही. साडेसोळा ते साडेएकोणीस, संपलं. म्हणून रोज संध्याकाळी तासभर आम्ही इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचतो. माझे उच्चार ऐकून तो हसतो, हसू दे.

त्याची धाकटी बहीण नववीत. मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून बाहेर पडली, १७ जणी, तो फोटो तिनं कपाटावर चिकटवलाय. तिच्या नावाची दुरुस्ती आम्ही आत्ताच करून घेतली. तुमच्या घरात, गल्लीत नववी-दहावीचं कोणी असेल तर आज रात्रीच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव जुळतंय का बघा. अडलं तर मला मेसेज करा, कचेरीत सोबत येतो.