पहिल्या पडद्याची मालकी

1996 साली कॉम्पॅक कंपनीने आपल्या प्रेसारिओ संगणकांच्या पडद्यावरून इंटरनेट एक्सप्लोररचे चिन्ह काढून टाकले. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवाना रद्द करण्याची लेखी तंबी दिली आणि त्या काळातली जगातली सर्वांत मोठी पीसी उत्पादक कंपनी मुकाट्याने माघारी फिरली. अमेरिकी सरकारने 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांच्या निष्कर्षांत ही हकीकत नोंदली गेली आहे. यंत्र चालू झाल्यावर पहिल्यांदा काय दिसावे हे मायक्रोसॉफ्टने ठरवायचे की कॉम्पॅकने, यावरून ही ओढाताण झाली. ज्याने यंत्राचे पैसे मोजले त्याला दोघांपैकी कोणी विचारले नाही.

आज लॅपटॉप उघडताक्षणी अँटिव्हायरसच्या मुदतवाढीची विंडो येते, तिच्यामागे क्लाउडवरच्या जागेची जाहिरात येते आणि मग प्रिंटरवाल्याचा ‘नोंदणी करा’ हा लकडा सुरू होतो. आपण त्याला बिघाड समजतो आणि दुकानदाराकडे धाव घेतो. पण ही बहुतेक सॉफ्टवेअरे अगदी ठरल्याप्रमाणे चालत असतात. ते कोणी आणि कसे ठरवले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

डॉसच्या काळात संगणक सुरू होताना काय चालवायचे याची यादी ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाच्या एका साध्या फाइलमध्ये असे. ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडे, वाचता येई. नको असलेल्या ओळीच्या आधी ‘रेम’ एवढी तीन अक्षरे टंकली की ती ओळ गप्प बसे. इन्स्टॉलर तेव्हाही त्या फाइलमध्ये आपल्या ओळी घुसवत, पण घुसवलेले डोळ्यांसमोर राही. 1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95 आले आणि हे चित्र पालटले. मेनूमध्ये स्टार्टअप नावाचा फोल्डर दिसू लागला खरा, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी विंडोजच्या आतल्या नोंदवहीतली, म्हणजे रजिस्ट्रीतली, ‘रन’ नावाची जागा हेरली. तिथे एक नोंद टाकली की आपला प्रोग्रॅम दर वेळी सुरू होतो आणि मालकाला फोल्डरमध्ये काहीच दिसत नाही. विंडोज 98 सोबत या नोंदी दाखवणारे एमएसकॉन्फिग आले, पण ते नाव ज्याला ठाऊक त्यालाच सापडे. सामान्य माणसाला सहज दिसेल अशी स्टार्टअपची यादी टास्क मॅनेजरमध्ये यायला 2012 चे विंडोज 8 उजाडावे लागले. मधल्या सतरा वर्षांत भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, असेच झाले.

या पसरण्यामागचा हिशेब सरळ आहे. पीसी विकण्यात नफा जेमतेम उरतो. चाचणी आवृत्त्या, टूलबार, खेळ भरून देण्याबद्दल सॉफ्टवेअर कंपन्या उत्पादकाला पैसे देतात आणि पहिला पडदा ही त्यातली सर्वांत महागडी जागा. मायक्रोसॉफ्ट खटल्याच्या 2002 च्या अंतिम निकालाने उत्पादकांना मोकळीक दिली. मायक्रोसॉफ्टची चिन्हे काढण्याची परवानगी तर मिळालीच, शिवाय बूट संपताच दुसऱ्यांचे सॉफ्टवेअर आपोआप सुरू करण्याची मुभाही काही अटींवर मिळाली. एका कंपनीची मक्तेदारी मोडण्यासाठी ते आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पहिल्या पडद्याचा हक्क एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला. ग्राहक होता तिथेच राहिला. 2008 मध्ये सोनीने काही व्हायो लॅपटॉपवर हे भरताड काढून देण्यासाठी चक्क 50 डॉलर आकारायचे ठरवले होते. ओरड झाल्यावर ते शुल्क मागे घेतले.

पुढे गोष्ट गैरसोयीपुरती राहिली नाही. 2014 च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचे सॉफ्टवेअर आधीच भरलेले होते. वेबपानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने यंत्रात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले होते आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती. सुरक्षा संशोधकांनी ती लगेच शोधून काढली. म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या वायफायवर बसलेल्या कोणालाही त्या लॅपटॉपच्या मालकाचे बँकेचे व्यवहार वाचता आले असते. 2017 मध्ये लेनोवोने अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड केली आणि 32 राज्यांना 35 लाख डॉलर दिले. त्याआधी 2015 मध्येच त्याच कंपनीच्या काही लॅपटॉपवर आणखी एक प्रकार उघडकीस आला होता. विंडोज पुसून नव्याने टाकले तरी यंत्र सुरू करणाऱ्या बायोसमधून कंपनीचे सॉफ्टवेअर पुन्हा उगवत होते. आपल्याकडे रामबाण समजला जाणारा ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा उपायही तिथे चालला नसता.

सगळ्यांत जास्त माणसे ज्या विंडोने गोंधळतात ती मात्र जाहिरातीची नसते. चालू होताच ‘रनडीएलएल’ नावाची छोटी विंडो येते आणि अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, मॉड्यूल सापडले नाही, असे सांगते. बघणाऱ्याला वाटते व्हायरस शिरला. अनेकदा झालेले असते ते उलटेच. प्रोग्रॅम निघून गेला, त्याची फाइल गेली, पण ‘रन’मधली किंवा टास्क शेड्युलरमधली नोंद मागे राहिली. विंडोज इमानाने दर वेळी ती फाइल शोधायला जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. स्टार्टअपच्या यादीत नुसते ‘प्रोग्रॅम’ असे लिहिलेली अनोळखी नोंद दिसते, तिच्यामागेही पुष्कळदा असलीच मागे राहिलेली, नाहीतर अवतरणचिन्हांविना लिहिलेली फाइलची वाट (पाथ) असते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेशी विंडोज अडखळते आणि पहिल्याच शब्दाला नाव समजते.

अशा वेळी घाबरून काही डिलीट करू नये. विंडोत दिसणारे फाइलचे नाव आधी कागदावर उतरवून घ्यावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी लिहिलेले ऑटोरन्स हे छोटे साधन मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते. रजिस्ट्री, स्टार्टअप फोल्डर, शेड्युलर, सर्व्हिसेस या सगळ्या जागा ते एका यादीत दाखवते आणि ज्यांची फाइलच उरली नाही त्या नोंदी पिवळ्या रंगात रंगवते. कागदावरचे नाव त्या यादीत सापडले की समोरची खूण फक्त काढायची आणि यंत्र पुन्हा सुरू करून बघायचे. काही अडलेच तर खूण परत लावता येते. नोंद कायमची पुसायची ती त्यानंतर.

हे काम मालकाने का करावे, हा माझा प्रश्न आहे. जाताना आपली नोंद पुसून जाणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. आपोआप सुरू होण्याची नोंद कोणी टाकली तर ती त्याच क्षणी मालकाला कळवणेही शक्य आहे. ॲपलच्या मॅकओएस व्हेंचुरामध्ये 2022 पासून तशी सूचना येते. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे 2024 पासून तिथल्या विंडोजवर एज ब्राउझरसुद्धा अनइन्स्टॉल करता येतो. पुण्यात विकत घेतलेल्या लॅपटॉपला तो कायदा लागू नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा ॲपचा गठ्ठा फोनमध्ये सक्तीने आधीच भरण्याचा मुद्दा त्याच्या केंद्राशी होता. पुढच्या मार्चमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. फोनपुरता झालेला हा विचार आयोगाने आता लॅपटॉपपर्यंत न्यावा. विक्रीच्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव खोक्यावर छापण्याची आणि पहिल्या वेळी यंत्र चालू करताना त्यातले नको ते सगळे एकाच ठिकाणी नाकारता येण्याची सक्ती त्याने उत्पादकांवर करावी.