देवमासा, पण मासा नव्हे!

तंजावरच्या मराठा राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाइतकीच पर्यटकांना खिळवून ठेवणारी आणखी एक गोष्ट आहे. तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा अजस्र सांगाडा! ‘बापरे, केवढा हा मासा!’ असे कुणीही म्हणेल. पण देवमासा हा मासा नाहीच मुळी.

माशांना कल्ले असतात, देवमाशाला फुप्फुसे. त्यामुळे श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. जाळ्यात अडकला, तर तो पाण्यातच गुदमरून मरतो! त्याचे रक्त उष्ण असते. मादी पिलाला जन्म देते, दूध पाजते. वल्ह्यासारख्या परांत तर चक्क मनगटाची आणि बोटांची हाडे असतात. थोडक्यात, तो तुमच्याआमच्यासारखा सस्तन प्राणी.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच त्याला सस्तन प्राण्यांत बसवले होते. तरीही १८१८ साली, तंजावरात दुसरे सरफोजी राजे गादीवर असताना, न्यूयॉर्कमध्ये यावर खटला उभा राहिला. माशाच्या तेलावरचे तपासणी-शुल्क देवमाशाच्या तेलावर द्यायला एका व्यापाऱ्याने नकार दिला. शास्त्रज्ञाची साक्ष झाली, पण ज्यूरीने ठरवले : देवमासा हा मासाच!

नावाने अशी फसगत पांडाच्या बाबतीतही होते. बांबू खाणारा काळा-पांढरा पांडा अस्वल की रॅकूनचा भाऊबंद, हा वाद विसाव्या शतकात बरीच वर्षे रंगला. अखेर जनुकांच्या अभ्यासाने त्याला अस्वलांच्या कुळात नेले. सिक्कीमचा लाल पांडा मात्र वेगळ्याच कुळातला. नाव एक, घराणी दोन!

तंजावरला जाल तेव्हा तो सांगाडा पाहताना मुलांना हे जरूर सांगा.