कराला पाटी नसते

पंचवीस वर्षं लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून दिली की माणसाच्या राजकीय मतांबद्दलचा आदर हळूहळू झिजतो. मतं दिवाळीच्या फराळाला ऐकायला मिळतात, आकडे जुलैत. मी दोन्हीकडे हजर असतो.

माझा एक शाळासोबती माझा अशील आहे. पुण्याजवळ कारखाना, मुळशीत फार्महाऊस, वर्षाला दोनेक कोटींचं उत्पन्न. तो नेहमीचा सूर लावतो, ‘अरे, मी मरमर मरायचं आणि सरकारनं माझ्या पैशातून लाडक्या बहिणींना महिन्याला पंधराशे रुपये वाटत सुटायचं? मी कधी कुणाचं फुकट घेतलं?’ घेतलंस की, बाबा. आपण दोघांनी फीसवलतीचा ईबीसी फॉर्म एकाच बाकावर बसून भरला होता. पुढे तू शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलास, त्या शिक्षणाचं बिल कुणी भरलं? हे मी त्याला एकदा म्हणालो. त्यावर तो म्हणाला, ‘ती माझी गुणवत्ता होती.’

तो ढोंगी आहे असं मला वाटत नाही. लोकांचा अंदाज इथेच चुकतो. श्रीमंत माणूस करावर बोलतो तेव्हा मनातून हसत असतो, अशी आपली समजूत असते. छे! तो पोटतिडकीनं बोलतो. ढोंगी माणसाशी निदान तडजोड तरी करता येते, कारण खरं काय ते त्याला ठाऊक असतं. याला ठाऊकच नाही. त्याचं मत आणि त्याचा ताळेबंद इतकी वर्षं एका घरात नांदले आहेत की कोण कुणाचं ऐकतो हे आता त्यालाही सांगता येणार नाही.

आणि कंजूष म्हणाल तर तोही नाही. ड्रायव्हरच्या बायकोच्या ऑपरेशनला त्यानं दीड लाख दिले, गावच्या शाळेवर पत्रे घातले. शाळेच्या भिंतीवर त्याच्या आईच्या नावाची पाटी आहे. कराला पाटी नसते, हेच त्याचं खरं दुखणं.

2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी संपत्ती कर रद्द केला. 2013-14 मध्ये त्यातून देशभरात जेमतेम 1008 कोटी जमले होते. बदल्यात एक कोटीवरच्या उत्पन्नावर 2 टक्के जादा अधिभार आला, आणि त्यातून कितीतरी पट जास्त वसूल होणार होतं. सौदा सरकारच्या फायद्याचा होता, असं तेव्हा मीही म्हणालो. मग 2019 मध्ये पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार 37 टक्के झाला, कराचा कमाल दर 42.74 टक्क्यांवर गेला, आणि माझ्या ऑफिसात सुतक आलं. ‘दुबईला जावं लागणार आता.’ हे म्हणणाऱ्यांपैकी एकाचंही उत्पन्न पाच कोटी नव्हतं. सगळे पुढेमागे होऊ शकणाऱ्या स्वतःसाठी रडत होते. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला निर्मला सीतारामन यांनी गोव्यात कंपनी कराचा दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं, सरकारनं 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी सोडलं, त्या दिवशी मात्र ‘फुकट वाटप’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. पेढे आले. 2023 मध्ये नव्या करपद्धतीत तो 37 टक्क्यांचा अधिभारही 25 वर आला. दुबईचं काय झालं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या टोकाचेही अशील आहेत. एक गृहस्थ विषमतेवरच्या परिसंवादात ‘संपत्ती कर परत आणा’ म्हणून टेबलावर मूठ आपटतात आणि जुलैत माझ्याकडे कर वाचवणारी एचयूएफची (हिंदू अविभक्त कुटुंबाची) फाईल घेऊन येतात. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. आजच्या कायद्यातली सवलत घ्यावी आणि उद्याचा कायदा कडक मागावा, यात गैर काही नाही. फक्त, आपली मागणी मान्य होणार नाही याची त्यांना पक्की खात्री असते, आणि तिला एवढी धार त्या खात्रीमुळेच येते.

खरं राजकारण मात्र मी 80जीजीसी या कलमात पाहिलं. जुन्या पद्धतीत राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची पूर्ण वजावट मिळते. एकानं पाच लाखांची पावती आणली. पक्षाचं चिन्ह काय, विचारलं, तर माहीत नाही. अध्यक्ष कोण? ‘ते एजंटला विचारावं लागेल.’ चेक द्यायचा आणि कमिशन कापून रोख परत घ्यायची, असा हा पक्षकार्याचा प्रकार. सप्टेंबर 2022 मध्ये प्राप्तिकर खात्यानं अशा नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांवर धाडी घातल्या, त्या उगाच नाही. मी वजावट दाखवायला नकार दिला, तर तो शेजारच्या जिन्यानं दुसऱ्या सल्लागाराकडे गेला. हाच गृहस्थ मतदानाच्या दिवशी बोटावरच्या शाईचा फोटो सगळ्यांना पाठवतो.

बरं, ही मतं त्यांच्यापुरती राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. 2024 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा उल्लेख केला, तर आमच्या सोसायटीतले निवृत्त कारकून घाबरून माझ्याकडे आले. दीड खोलीचा फ्लॅट, थोडी एफडी. अमेरिकेत त्या वर्षी 1 कोटी 36 लाख डॉलरपर्यंतच्या वारशावर केंद्राचा एक छदामही कर नव्हता. म्हणजे रुपयांत शंभर कोटींच्या वर. आपल्याकडे 1953 ते 1985 असा कर होता, तेव्हाही यांच्या वडिलांना त्याचा पत्ता नसणार. पण भीती वरच्या मजल्यावरून पाझरत खाली येते. पैसा पाझरतो की नाही, ते अर्थतज्ज्ञांना विचारा.

गेल्या मार्चमध्ये हा शाळासोबती माझ्यासमोर बसून पंधराशे रुपयांवर तावातावानं बोलत होता, तेवढ्यात आमच्या इमारतीचा वॉचमन पगाराची स्लिप घेऊन दारात उभा राहिला. पगार पंधरा हजार. ‘साहेब, दर महिन्याला दोनशे कापतात, फेब्रुवारीत तीनशे का कापले?’

मी त्याला सांगितलं, हा व्यवसाय कर. 1975 साली रोजगार हमीसाठी आला. वर्षाचे अडीच हजार, म्हणून शेवटी शंभर जास्त. संविधानातली कमाल मर्यादाच तेवढी आहे, 1988 पासून तीच. त्याच्या पगाराच्या हिशेबानं ते पाच दिवस होतात. समोर बसलेल्या माझ्या मित्रालाही तोच अडीच हजारांचा कर आहे; त्याच्या उत्पन्नाच्या हिशेबानं झोपेतला एक तास.

‘म्हणजे सगळ्यांना सारखंच?’ वॉचमननं विचारलं.

‘सारखंच,’ मी म्हणालो.

‘मग ठीक आहे,’ म्हणून त्यानं स्लिपची घडी घातली आणि जाताना माझ्या मित्रासाठी लिफ्टचं बटण दाबून ठेवलं.