सुई टोचून घेण्याआधी

पीआरपी, सॅल्मन डीएनए, एक्सोसोम ही त्वचा-केसांच्या इंजेक्शनांची नावे आता वसई-विरारच्या रुग्णांच्याही कानावर पडतात. तिन्हींचा आधार मात्र सारखा नाही. पीआरपी, म्हणजे प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा, रुग्णाच्याच रक्तातून निघते. केसगळतीत तिचा उपयोग दिसला आहे, सर्वांना सारखा नव्हे. सॅल्मन माशाच्या डीएनएची इंजेक्शने नवी, अभ्यास थोडके. एक्सोसोम म्हणजे पेशींतून निघणारे सूक्ष्म कण; त्यांच्या एकाही उत्पादनाला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएची मान्यता नाही. ती सुई आज घेऊच नये, हे आमचे स्पष्ट मत. पीआरपीत स्वतःचे रक्त म्हणजे ती निर्धोक, असेही नाही. न्यू मेक्सिकोतील विनापरवाना स्पात पीआरपी फेशियल घेतलेल्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०२४मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, नोंदवले. वसईकरांनो, डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा आणि नवी सुई डोळ्यांदेखत उघडायला लावा.