खिडकी लावून घेण्याआधी

लखनौला गोमतीनगरात राहायला आलो, तेव्हा खालच्या मजल्यावरून रोज संध्याकाळी सातला आवाज यायचा. आधी पाढे, मग ओरडणं, मग चापट आणि रडणं. मी खिडकी लावून घ्यायचे. दुसऱ्याच्या घरात कशाला बोला?

एका रात्री वीज गेली म्हणून गच्चीवर गेले, तर तीच आई कठड्याशी रडत बसलेली. नवरा नोकरीसाठी परगावी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कडेवर तान्हं बाळ. म्हणाली, "दीदी, हाथ उठ जाता है, फिर रात भर नींद नहीं आती।"

मी तिला मनातल्या मनात दुष्ट ठरवून मोकळी झाले होते!

केंद्र सरकारने 2007 मध्ये उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. ते सगळे काही राक्षस नसणार. बरेचसे थकलेले आणि एकटे असतील, आणि 'आम्हीही मार खाऊनच मोठे झालो' असं मानणारे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी 1970च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग झाला. पहिलटकरणींकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स घरी जायची. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी जवळपास निम्म्या होत्या. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी आशाताई येतातच. बाळाचं वजन बघताना त्यांनी "तू झोपतेस का गं? मदतीला कोण आहे?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आईबाबांना स्वतःलाच आवरेनासं झालं, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं. मुलासाठी 1098. ही चाइल्डलाइन 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली. मोठ्यांनीही फोन करावा. मात्र अंगावर वळ दिसले किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर गच्चीवरच्या गप्पा पुरत नाहीत. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आरोपी घरचा असला तरी.

खालचा मुलगा आता सात ते आठ माझ्याकडे असतो. तेवढ्या वेळात त्याची आई बाळाला घेऊन आडवी होते. ओरडणं अजून कधीमधी ऐकू येतं. चापट बऱ्याच दिवसांत ऐकलेली नाही. सातचा पाढा मात्र रोज चुकतो.